जुनी महिंद्रा सीजे-३बी घरच्या घरी उभी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती नेमकी कोणत्या जीपसाठी आहे?

उंच बोनेटच्या, ८० इंच व्हीलबेसच्या महिंद्रा सीजे-३बीसाठी. विलीज या अमेरिकी कंपनीचं २,१९९ सीसी हरिकेन पेट्रोल इंजिन, तीन गिअरचा टी-९० बॉक्स, स्पायसर १८ ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारा बॉक्स), पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, हा तिचा मूळ साचा. हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि बोनेटही. ९१ इंची सीजे-५००डी किंवा एमएम-५४० असेल तर चेसिस, पत्रा, ब्रेक आणि कागदपत्रांचा भाग बहुतेक तसाच लागू पडेल. इंजिनाचे आकडे मात्र वापरू नका, ती डिझेल आहेत.

गाडी घेण्याआधी सगळ्यात आधी काय बघायचं?

कागद. कुजलेला पत्रा बदलता येतो, बसलेलं इंजिन उघडता येतं, पण ज्या चेसिस नंबरला आरसी नाही ती जीप रस्त्यावर आणणं जवळपास अशक्य आहे. चेसिस नंबर घासून स्वच्छ करा, पेन्सिलीने त्याचा छाप घ्या आणि आरसीशी एकेक आकडा ताडून बघा. नंबरच्या आसपास वेल्डिंग किंवा ग्राइंडरच्या खुणा दिसल्या तर व्यवहार तिथेच सोडा, किंमत कितीही कमी असो.

जुन्या पुस्तकी आरसीच्या बाबतीत ती नोंद आरटीओच्या ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत चढली आहे का, ते पाहा. नसेल तर मूळ आरटीओत बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते, आणि तोवर हस्तांतर, नूतनीकरण, हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, सगळंच अडून राहतं. हे काम विकणाऱ्याच्या नावावर गाडी असतानाच त्याच्याकडून करून घ्या. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून नव्याने करावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. लष्कराच्या लिलावातली, पण कधीच मुलकी नोंदणी न झालेली जीप ‘कागद करून देतो’ या बोलीवर घेणं म्हणजे शोभेची वस्तू घेणं.

व्हिंटेज नोंदणीचा फायदा होतो का?

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली गाडी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि नोंदणी १० वर्षं चालते. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. शनिवार-रविवारी घाटात न्यायची असेल तर साधी नोंदणी जिवंत ठेवणंच सोयीचं.

पेट्रोल आरसी आहे, पण गाडीत डिझेल इंजिन आहे. चालेल का?

नाही. बाजारातल्या बऱ्याच सीजे-३बींची हीच गत आहे, कारण पेट्रोल महागलं तेव्हा मिळेल ते डिझेल इंजिन आत बसवलं गेलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही. इंजिन नंबर आणि इंधन आरसीवर चढलेलं नसेल तर तपासणीत गाडी परत पाठवतात, आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती आयतं कारण मिळतं. शिवाय जड डिझेल इंजिनाच्या हादऱ्यांनी पुढच्या चेसिसला तडे जातात आणि टी-९० बॉक्स लवकर झिजतो. मूळ हरिकेन मिळत असेल तर परत तेच बसवा.

किती जागा लागते? कोणती हत्यारं?

गाडी उभी करायला जेवढी जागा लागते त्याच्या दुप्पट. टब, म्हणजे पत्र्याची मुख्य बॉडी, उतरवला की तो ठेवायला दुसरी गाडी मावेल एवढी जागा हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खोलाखोल करता येते, पण पत्राकाम आणि रंग तिथे होत नाही. आधी कमिटीच विरोध करते, नंतर शेजारी.

हत्यारांत पहिली गोष्ट म्हणजे इंची पान्यांचा पूर्ण संच. मूळ विलीजच्या नट-बोल्टांचं माप इंचात असतं आणि मिलिमीटरचे पाने काही ठिकाणी फसवतात. १९ चा पाना ३/४ ला बसतो, १६ चा ५/८ ला आणि ११ चा ७/१६ ला जेमतेम चालून जातो. पण १/२ इंचाच्या नटावर १३ चा पाना सैल बसतो, आणि ९/१६ ला १४ चा जात नाही, १५ चा कोपरे खातो. आधीच्या मिस्त्रीने गोल केलेले नट बहुधा याच दोन मापांचे निघतात. याखेरीज टॉर्क रेंच, फीलर गेज, कॉम्प्रेशन गेज, हब पुलर, ग्रीसगन आणि चार भक्कम घोड्या लागतील. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही.

सगळी गाडी एकदम खोलायची का?

खोलू नका. भंगारात निघालेल्या अर्धवट जीप बहुतेक अशाच असतात: दोन रविवारी उत्साहाने पूर्ण खोललेल्या आणि नंतर चार पोत्यांतून विकलेल्या. शक्य असेल तर आधी ती आहे त्या स्थितीत सुरू करा, अंगणात दहा फूट पुढे-मागे घ्या. गिअर सुटतो का, ट्रान्सफर केस ओरडतो का, ऑइल प्रेशर येतं का, हे जोडलेल्या गाडीतच कळतं.

मग एका वेळी एकच भाग हातात घ्या. आमच्या मते क्रम असा असावा: ब्रेक आणि स्टिअरिंग, मग इंजिन व गिअर, मग टब उतरवून चेसिस, मग पत्रा आणि रंग, शेवटी वायरिंग. रंग आधी उरकला की पुढच्या प्रत्येक कामात त्यावर ओरखडे पडतात. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव, आणि खोलण्याआधी फोटो. शिम म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या जिथून निघाल्या तिथल्याच पिशवीत ठेवा. त्या मिसळल्या तर बेअरिंगची मापं पहिल्यापासून घ्यावी लागतील.

चेसिस वाकडी आहे हे घरी कसं ओळखायचं?

सपाट फरशीवर गाडी घोड्यांवर लेव्हल करा. चेसिसवरच्या डाव्या-उजव्या सारख्या जागांवरून, म्हणजे पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरच्या पिनांवरून, ओळंबा सोडून फरशीवर खुणा करा आणि तिरप्या मापांची तुलना करा. दोन कर्णांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर चेसिस ओढून सरळ करणाऱ्याकडे न्या. तडे बघायच्या खास जागा तीन: स्टिअरिंग बॉक्स बसतो तिथे, पुढच्या पाट्यांच्या हँगरजवळ आणि मागच्या क्रॉसमेंबरला, विशेषतः गाडीने ट्रेलर ओढला असेल तर. तडा दिसला की त्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा, व्ही-खाच करा आणि मगच वेल्ड करा. नुसती वरून पट्टी ठोकली तर तडा पट्टीच्या कडेने पुढे सरकतो.

इंजिन जाम आहे. हँडलने फिरतच नाही. आता?

ओढून, गिअरमध्ये टाकून फिरवू नका. त्याने पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉड जाईल. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) आणि रॉकेल निम्मे-निम्मे मिसळून ५० मिली ओता आणि आठवडाभर रोज थोडं भरत राहा. मग गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन हँडलने हलकेच पुढे-मागे हलवा. एक-दोन अंश हललं की काम झालं, तीच हालचाल वाढवत न्या. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, दांड्याला वेढा घालू नका. उलटा झटका आला तर अंगठा मोडतो.

तरीही हललं नाही तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अडकलेले असू शकतात. ते ब्लॉकमध्ये असल्याने बाजूचं टॅपेट कव्हर काढल्यावर दिसतात.

हेड निघत नाही. सगळे बोल्ट काढले आहेत.

एक राहिला आहे. या हेडमध्ये इनलेट मॅनिफोल्ड आतच ओतलेलं असतं आणि एक बोल्ट कार्बोरेटरच्या खालच्या भोकात दडलेला असतो. कार्बोरेटर काढा, टॉर्चने आत बघा, तळाशी त्याचं डोकं दिसेल. तो न काढता पहारीने हेड उचकटल्याने फुटलेली हेड भंगार बाजारात दिसतात. परत बसवताना हाच बोल्ट आधी विसरला जातो आणि मग कार्बोरेटर दुसऱ्यांदा उतरवावा लागतो.

इंजिन उघडलंच आहे, तर काय मोजायचं?

उघडण्याआधी गरम इंजिनावर कॉम्प्रेशन घ्या. १२० ते १३० पीएसआय उत्तम. आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा वर गेला तर रिंगा आणि बोअर झिजलेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह गळतात.

मूळ बोअर ३ १/८ इंच, म्हणजे ७९.४ मिमी. लेथवाल्याकडे ब्लॉक देण्याआधी ओव्हरसाइज पिस्टन हातात घ्या. बोअर पिस्टनच्या मापाने करायचा असतो. ‘तीस थाउ करून ठेवतो, पिस्टन नंतर बघू’ म्हणणाऱ्याला ब्लॉक देऊ नका (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ४० थाउच्या पुढे जायची वेळ आली तर स्लीव्ह टाकून स्टँडर्डवर यावं. रिंगेचं तोंड बोअरमध्ये सरळ ढकलून फीलर गेजने मोजा, १० ते १२ थाउ असावं. अजिबात फट नसेल तर गरम झाल्यावर रिंगेची टोकं भिडतात आणि बोअरला ओरखडे येतात.

ब्लॉक कढईत उकळून घेण्याआधी सगळे कोअर प्लग (ब्लॉकच्या पाण्याच्या भोकांवरची पत्र्याची झाकणं) काढा. मागच्या चौथ्या सिलिंडरभोवती गंज आणि गाळाचा थर बसलेला असतो. तो वाकड्या तारेने खरवडल्याशिवाय निघत नाही.

आवळणी: हेड बोल्ट ६० ते ७० फूट-पौंड, मेन बेअरिंग ६५ ते ७५, कनेक्टिंग रॉड ३५ ते ४५. हेड मधून बाहेर अशा क्रमाने, तीन टप्प्यांत. टॅपेटची फट थंड इंजिनावर: इनलेट १८ थाउ, एक्झॉस्ट १६ थाउ. इनलेट वरच्या कव्हरखाली, एक्झॉस्ट बाजूच्या. बरेच गॅरेजवाले वरचेच लावून देतात, कारण बाजूचं कव्हर काढायला हात नीट जात नाही.

सगळं नवं बसवलं तरी इंजिन फटफट करतं, सुरू होत नाही.

फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे, ती आधी तपासा. मग ऑइल पंप. या इंजिनात डेलको, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, ऑइल पंपाच्या शाफ्टवरून फिरतो. पंप काढून परत बसवताना एक दात जरी पुढे-मागे गेला तरी टायमिंग चुकतं, आणि डेलको कितीही फिरवला तरी हिशोब लागत नाही. म्हणून पंप काढण्याआधी पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो तिथे, आणा, खाचेची दिशा खडूने आखून ठेवा. पॉइंटची फट २० थाउ, प्लगची ३० थाउ, टायमिंग टीडीसीच्या ५ अंश आधी.

आत्ताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलचा त्रास होतो का?

होतो, पण इंजिनापेक्षा आधी रबराला. जुने होज, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची पॅकिंग फुगतात, मऊ होतात आणि त्यांचे काळे कण जेटमध्ये अडकतात. सगळे होज इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे, व्हायटॉन किंवा त्या दर्जाचे घाला. पंपाचा किट घेताना हेच विचारा. इथेनॉल पाणी शोषतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या जीपच्या लोखंडी टाकीत तळाला गंज धरतो. टाकी भरलेली ठेवा किंवा पूर्ण रिकामी. अर्धी भरलेली टाकी सगळ्यात वाईट.

सीजे-३बीची टाकी सीटखालीच असते, तेव्हा गळती सहन करू नका. गळकी टाकी घरी वेल्ड करायची नाही. रिकामी, धुतलेली आणि उन्हात आठवडाभर ठेवलेली टाकीसुद्धा स्फोट करू शकते, कारण पत्र्याच्या शिवणीत पेट्रोल उरतं. नवी घ्या.

इंजिन गरम होतं. गॅरेजवाला थर्मोस्टॅट काढून टाक म्हणतो.

नका काढू. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन थंडच चालतं, ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल साचून काळा चिखल होतो, बोअर लवकर झिजतो. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट पाण्याच्या भांड्यात गरम करून तपासा. उघडत नसेल तर नवा घाला. गरम होण्याची खरी कारणं बहुतेक वेळा तीन असतात: ब्लॉकमधला गाळ, अर्धा बुजलेला रेडिएटर आणि मागे पडलेलं टायमिंग. बोअरवेलचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका, त्याचा क्षार नळ्यांत बसतो. सिस्टिममध्ये साधारण साडेदहा लिटर मावतं. त्यातलं ४ लिटर कूलंट, बाकी डिस्टिल्ड पाणी.

दुसरा गिअर सुटतो आणि खालून सतत घों-घों आवाज येतो.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. दुसरा गिअर सुटण्यामागे टी-९० मधली झिजलेली सिंक्रो असेंब्ली (गिअर सहज जुळवणारा भाग) आणि शाफ्टची वाढलेली एंड-प्ले, म्हणजे लांबीतला सैलपणा, असते. आवाज मात्र स्पायसर १८ चा. त्यातल्या मधल्या गिअरची सुईबेअरिंगं आणि तो शाफ्ट झिजतो, कारण तिथलं ऑइल कमी होतं आणि कुणी बघत नाही. शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच असेल तर शाफ्ट, सुया आणि थ्रस्ट वॉशर एकत्र बदला. नव्या सुया जुन्या शाफ्टवर घालून पैसे वाया जातात.

गिअर आणि ट्रान्सफर केसमध्ये जीएल-४ दर्जाचं ९० नंबरचं ऑइल घाला. जीएल-५ पितळी भागांना खाऊ शकतं. ते डिफरन्शियलमध्ये चालतं. लेव्हल बाजूच्या प्लगच्या भोकापर्यंत. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामधली सील गेली असेल तर एकाचं ऑइल दुसऱ्यात जातं: एक भरून वाहतो, दुसरा कोरडा पडतो.

फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावू नका. मध्ये डिफरन्शियल नसल्याने पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ बसतो आणि लिव्हर अडकतो. अडकलाच तर जोर लावू नका, थोडं रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो. लो रेंज पुढचा अ‍ॅक्सल जोडल्याशिवाय लागत नाही. तो दोष नाही, तशीच रचना आहे.

ब्रेकचं काम घरी करायचं का?

करता येतं, पण अर्धवट नाही. मास्टर सिलिंडर, सगळे व्हील सिलिंडर, रबरी होज आणि स्टीलच्या नळ्या एकत्रच बदला. मूळ सिस्टिम एकाच सर्किटची आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो.

डाव्या चाकांचे नट काही गाड्यांत उलट्या आट्याचे असतात, स्टडच्या टोकावर तशी खूण असते. ती न बघता पाइप लावून स्टड तोडणारे बरेच. मागचा हब टेपर शाफ्टवर किल्लीने बसलेला असतो, तो पुलरनेच काढायचा. शाफ्टच्या टोकावर घण मारला तर धक्का आतल्या बेअरिंगपर्यंत जातो. नट एक-दोन आटे सैल करून तसाच ठेवा, म्हणजे हब सुटल्यावर अंगावर येणार नाही. परत बसवताना तो नट किमान १५० फूट-पौंडांनी आवळा, नाहीतर किल्ली कापली जाते.

लांब लायनरचा शू पुढच्या बाजूला येतो. खालच्या एक्सेंट्रिक पिनांनी शूच्या टाचेकडे ५ थाउ आणि टोकाकडे ८ थाउ फट ठेवतात. रोजचं अ‍ॅडजस्टमेंट वरच्या एक्सेंट्रिकने. एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचं डावं.

ब्रेक गरम झाल्यावर धरून बसत असेल तर पेडलला मोकळी चाल आहे का, ते बघा. साधारण १२ मिमी हवी. ती नसेल तर मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक भोक झाकलेलं राहतं, गरम होऊन फुगलेलं ऑइल परत जाऊ शकत नाही आणि शू ड्रमला चिकटतात. मास्टर सिलिंडर फ्लोअरच्या पत्र्याखाली असल्याने ब्रेक ऑइलची लेव्हल बघायचा कंटाळा येतो. वरचं झाकण सहज निघेल असंच बसवा.

हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असतो. तो फक्त गाडी उभी असताना ओढायचा.

४०-५० च्या वेगाला पुढची चाकं थरथरतात.

चाकांचं बॅलन्सिंग करून लगेच समाधान मानू नका. गाडी उचलून चाक वर-खाली धरून हलवा. हललं तर किंगपिनची बेअरिंगं किंवा हबची बेअरिंगं सैल आहेत. किंगपिनची सैल शिम कमी करून काढतात. मग कुणाला तरी स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि खाली बघा. या जीपमध्ये ड्रॅग लिंकची ओढ एका बेलक्रँकमार्फत दोन टाय रॉडना मिळते. त्या बेलक्रँकची पिन आणि बुश झिजली की नव्या टाय रॉडने काही फरक पडत नाही. सगळ्यात शेवटी टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढून किंचित आत वळलेली असणं: १ ते २.५ मिमी. पाट्यांचे यू-बोल्ट आणि शॅकलचे बुशही तपासा.

पत्रा किती कुजला तर टब बदलावा?

फ्लोअर आणि टूलबॉक्सचा तळ कुजलेला असतोच, ते दुरुस्तीचं काम आहे. पण फ्लोअरखालचे आडवे चॅनेल, चेसिसवर बसायच्या जागा आणि मागचे कोपरे, तिन्ही गेले असतील तर नवा टब स्वस्त पडतो. हरियाणातल्या मंडी डबवालीत जीपच्या बॉडी तयार मिळतात. मात्र दाराच्या कमानी, डॅशची भोकं आणि बोनेटची रेषा मूळ बॉडीशी जुळतेच असं नाही. मोजमाप हाताशी ठेवून ऑर्डर द्या.

बाहेरच्या भागाला १८ गेज, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपासचा सीआरसीए (कोल्ड रोल्ड) पत्रा वापरा, फ्लोअरला १६ गेज चालतो. चांगल्या लोखंडापर्यंत कापा. गंजावर पत्रा ठेवून वेल्ड केलेला तुकडा दुसऱ्या पावसाळ्यात फुगतो. ०.८ मिमी तारेच्या मिग वेल्डरने एका ठिकाणी दोन-अडीच सेंटिमीटरच वेल्ड करा, मग दुसऱ्या टोकाला जा. सलग ओढलं की सपाट पत्रा लाटा मारतो आणि मग सारखा करायला किलोभर पुट्टी जाते. पुट्टीचा थर २ मिमीपेक्षा जाड नको. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढा, टाकी आणि सीट बाहेर काढा.

रंग कधी आणि कोणता?

पावसाळ्यात नाही. दमट हवेत रंगावर पांढरी धुरकट झाक येते. कोकण किनाऱ्याला तर दिवाळीनंतरच हात घाला. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. नुसता रेड ऑक्साइड मारून महिनाभर ठेवू नका, तो ओल आत घेतो आणि रंगाखाली गंज धरतो. आतून-बाहेरून पूर्ण जीपला साधारण २ लिटर प्रायमर आणि ३ ते ४ लिटर पीयू (पॉलियुरेथेन) रंग लागतो. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याला कापडी मास्क पुरत नाही. योग्य कार्ट्रिजचा मास्क नसेल तर रंगवाल्यालाच द्या. फ्लोअरला पाणी जायची भोकं ठेवा आणि चॅनेलच्या पोकळीत वॅक्स फवारा.

आणि हो, सैनिकी हिरवा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद करा.

रंगानंतर दिवे मंद झाले, सेल्फही जोरात मारत नाही.

अर्थिंग गेलं. नव्या रंगाने बॉडी, चेसिस आणि इंजिन एकमेकांपासून तोडले. तिन्ही ठिकाणी रंग खरवडून जाड अर्थ पट्ट्या लावा आणि वर ग्रीस फासा. बॅटरीची केबल २५ चौमिमीची हवी. हेडलाइटला रिले आणि स्वतंत्र फ्यूज द्या. गाडी मूळ ६ व्होल्टची असेल आणि १२ वर नेणार असाल तर बल्ब, कॉइल आणि मीटर बदलल्याशिवाय बॅटरी जोडू नका, मीटर जळतात.

पार्ट कुठे मिळतात?

मुंबईत कुर्ला आणि ऑपेरा हाउस, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत काश्मिरी गेट. बेअरिंग आणि सील गाडीचं नाव सांगून नव्हे, जुन्यावरचा नंबर वाचून घ्या, आणि चांगल्या कंपनीची. चकचकीत नवा सिंक्रो रिंग किंवा प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस कधीकधी जुन्या मूळ पार्टपेक्षा मऊ निघतो, म्हणून जुना फेकू नका. दुकानदार पार्ट परत घेत नसेल तर आधी माप घेऊनच जा.

पैसे कुठे जातात?

पत्रा-रंग आणि लेथकाम. बाकी सगळं घरी होतं. दुकानदाराच्या अंदाजात नट-बोल्ट, पॅकिंग, ऑइल, घासायचा कागद आणि वाहतूक कधीच नसते, आणि त्यांची बेरीज लहान नसते. अलॉय चाकं आणि रुंद टायर यांवर सुरुवातीला एक रुपयाही घालू नका. मूळ ६.००-१६ टायरवर गाडी हलकी वळते आणि बेलक्रँकही टिकतो.

नव्याने बांधलेलं इंजिन पहिल्यांदा कसं सुरू करायचं?

प्लग काढून सेल्फ मारा, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. हलला नाही तर सुरू करू नका. मग प्लग लावून सुरू करा आणि साधारण १,५०० आरपीएमवर वीस मिनिटं ठेवा, आयडलवर नाही. आयडलला नव्या कॅम आणि टॅपेटवर ऑइल कमी पडतं आणि कॅमचा माथा तिथेच खाल्ला जातो. थंड झाल्यावर हेड परत आवळा, टॅपेट परत बघा. २०डब्ल्यू-४० ऑइल चालतं. पहिलं ऑइल ५०० किमीच्या आत बदला. तोवर लांब चढ आणि एकाच वेगाने सलग गाडी ओढणं टाळा.

सगळं झालं, तरी खाली ऑइलचे थेंब पडतात.

मागच्या मेन बेअरिंगजवळून रात्रभरात दोन-चार थेंब पडणं या इंजिनाला नवं नाही, लेव्हल बघत राहा. हँडब्रेकचा ड्रम ओला दिसला तर ट्रान्सफर केसची मागची सील बदला, नाहीतर चढावर हँडब्रेक धरणार नाही. पुढच्या चाकांच्या आतल्या गोळ्यावरून ग्रीसमिश्रित ऑइल वाहत असेल तर अ‍ॅक्सलची आतली सील गेली. आणि थेंब मागच्या ब्रेकप्लेटच्या खालच्या कडेवरून पडत असेल तर गाडी हलवू नका, ते एकतर ब्रेक ऑइल आहे किंवा लायनर भिजवणारं डिफरन्शियलचं.